‘पोरं सांभाळायला डिग्री कशाला?’ : खानापूरच्या एका मामांना उत्तर

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका मामांचा आहे. भाची पीयूसी (म्हणजे बारावी) सायन्स पास झाली, नीटमध्ये जमलं नाही. सीईटीतून धारवाडच्या कृषी विद्यापीठात कम्युनिटी सायन्सची जागा मिळेल असं दिसतंय आणि मुलीला पुढे ‘मानव विकास आणि कुटुंब अभ्यास’ हाच विषय करायचाय. वडील नाहीत, खर्च मामांच्या अंगावर. घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, पोरं सांभाळायला डिग्री कशाला? त्यात अमेरिकेतल्या एका नातेवाइकानं फोनवर सांगितलं की तिकडे हाच कोर्स करून मुलं कर्जात बुडाली आहेत. मामांचा सरळ सवाल असा, की इतकी वर्षं घालून शेवटी हातात किती पडणार?

मामा, मी याच विषयात एम.एस्सी. केली. काही वर्षं अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात होते. आता बेळगावात लहान मुलांच्या विकासाची तपासणी आणि पालकांना मार्गदर्शन हे माझं रोजचं काम आहे. विषयाबद्दल मला प्रेम आहे, पण तुम्ही पैशाचं विचारलंय म्हणून पैशाचंच सांगते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. चार वर्षांनी भाचीच्या हातात जी पदवी येईल तिच्यावर ‘मानव विकास’ असं लिहिलेलं नसेल. ती बी.एस्सी. ऑनर्स कम्युनिटी सायन्स असेल. पूर्वी हिलाच होम सायन्स म्हणायचे आणि धारवाडचं ते कॉलेज १९७४ पासूनचं आहे. चार वर्षांत आहारशास्त्र, वस्त्रशास्त्र, घरातल्या साधनसंपत्तीचं व्यवस्थापन, विस्तार शिक्षण आणि मानव विकास असं सगळं थोडं थोडं शिकवतात. ‘ह्युमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली स्टडीज’ हे नाव लागतं ते एम.एस्सी.ला. म्हणजे तुमचा हिशोब चार वर्षांचा नाही, सहा वर्षांचा आहे. चार वर्षांवर थांबली तर ती सर्वसाधारण पदवीधर. बँकेची किंवा राज्यसेवेची परीक्षा देता येईल, पण ती तर बी.ए. करूनही देता येते. आणि कृषी विद्यापीठाची पदवी आहे म्हणून बँकेतल्या कृषी अधिकाऱ्याच्या जागेला चालेल असं धरून बसू नका. त्या जाहिरातीत पात्र पदव्यांची लांबलचक यादी असते, फलोत्पादनापासून रेशीमशास्त्रापर्यंत. कम्युनिटी सायन्स मी त्यात पाहिलेलं नाही.

आता मुद्द्याचं. या विषयात पैसा किती हे ज्ञानावर ठरत नाही, कामाचं बिल कोण भरतं यावर ठरतं. ज्याच्यासाठी काम करायचं ते मूल दोन-तीन वर्षांचं. त्याच्या खिशात पैसा नाही. फायदा होतो तो वीस वर्षांनी, आणि तोही सगळ्या समाजाला. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९६२ साली गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग सुरू झाला. ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी त्याचा हिशोब मांडला, तेव्हा घातलेल्या पैशावर वर्षाला ७ ते १० टक्के परतावा निघाला. पण तो परतावा मिळाला समाजाला : गुन्हे कमी, कमाई जास्त, सरकारी मदतीचा बोजा कमी. शिकवणाऱ्या बाईंच्या पगारात त्यातलं काही आलं नाही. आपल्याकडेही तेच. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या बालशिक्षणाचं जे काम उभं केलं त्याचं कौतुक झालं, ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. अंगणवाडीची मूळ कल्पना त्यांचीच. आणि आज अंगणवाडीत उभ्या असलेल्या बाईला मिळतं त्याला अजून पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात.

तेव्हा भाचीनं स्वतःला एकच प्रश्न विचारावा, की माझं बिल कोण भरणार? उत्तराप्रमाणे आकडा बदलत जातो.

सरकार भरत असेल तर बघू. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. देशातले पहिले ३३ प्रकल्प होते, त्यात कर्नाटकातला टी. नरसीपूरचा आणि महाराष्ट्रातला धारणीचा. म्हणजे खातं जुनं आणि मोठं, आपल्या विषयाचं माहेरच म्हणा. पण त्यात पायऱ्या आहेत आणि दोन पायऱ्यांमध्ये दरी आहे. खालची पायरी अंगणवाडी सेविका. तिला केंद्राचा वाटा ऑक्टोबर २०१८ पासून महिना ४,५०० रुपये, वर राज्याची भर. कर्नाटकात दोन्ही मिळून रक्कम दहा हजारांच्या थोडी वर जाते. २०२२ साली सुप्रीम कोर्टानं सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तरी मानधनाचं वेतन झालं नाही. या जागेला बारावी पुरते, सहा वर्षं शिकून तिथे जायचं कारण नाही. वरची पायरी पर्यवेक्षिका आणि त्याहून वर बालविकास प्रकल्प अधिकारी, ज्याला सगळे सीडीपीओ म्हणतात. इथे पूर्ण सरकारी पगार, भत्ते आणि रिटायरमेंटची सोय आहे. पण जागा थोड्या, जाहिराती कधी निघतील नेम नाही आणि पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा अनुभवी सेविकांमधून बढतीनं भरायचं केंद्राचं धोरण आहे, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना उरतात निम्म्या.

आपल्या भागातल्या मराठी मुलींना इथे भाषेचा अडसर येतो. तो तुम्हाला माहीत असणार, तरी स्पष्ट सांगते. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत सक्तीची कन्नड परीक्षा असते, १५० गुणांची, किमान ५० हवेत. मराठी शाळेतून आलेल्यांना ती चुकत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या, हुशार, विषय पाठ असलेल्या मुली मी इथे अडकलेल्या पाहिल्या आहेत. सीमाप्रश्नावर आपली मतं काहीही असोत, ती मतं ५० गुण देत नाहीत. धारवाडला सहा वर्षं राहणार आहे तर पहिल्या दिवसापासून कन्नड लिहायला शिकू दे. नुसती बोलायला नव्हे. बाजारातली कन्नड आपल्या सगळ्यांना येते, पण टिपणी लिहायची वेळ आली की बोटं थांबतात.

दुसरं दार महाराष्ट्राचं. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना तिथल्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो. त्यासाठी त्या गावात १५ वर्षं वास्तव्य असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. सीडीपीओची परीक्षा तिकडे एमपीएससी घेते, पर्यवेक्षिकेला तिथे मुख्य सेविका म्हणतात. तुमचं गाव यादीत आहे का बघा, नमुना हातात ठेवा आणि दाखला जाहिरात आल्यावर काढायला धावू नका. फक्त एक ध्यानात असू दे. जातीचं आरक्षण एका राज्याचं दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही. खानापुरात ज्या वर्गात मोडतो त्याच वर्गात कोल्हापुरातही मोडू, असं समजून अर्ज भरला की पुढे कागद तपासताना पंचाईत होते. गोव्याचं म्हणाल तर सरकारी नोकरीला तिथलं १५ वर्षांचं वास्तव्य आणि कोकणी लागते, तेव्हा ते सोडून द्या.

सरकारी कामाचा तिसरा प्रकार म्हणजे कंत्राटी. बालसंरक्षण, बालगृह, अत्याचार झालेल्या बायकांसाठीचं वन स्टॉप सेंटर असल्या ठिकाणी समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता या जागा सतत निघतात, कारण आधीची माणसं टिकत नाहीत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेचे आकडे बघा की : समुपदेशक किंवा सामाजिक कार्यकर्ता महिना १८,५३६ रुपये, संरक्षण अधिकारी २७,८०४, गावोगाव फिरणारा आउटरीच वर्कर १०,५९२. एकरकमी, वर भत्ते नाहीत आणि दरवर्षी करार. कामाचा भार मात्र पूर्ण अधिकाऱ्याचा. पॉक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची केस, पळून आलेलं पोर, बालविवाह थांबवायला पोलिसांबरोबर रात्री जाणं. मी या कामाला नावं ठेवत नाही. पंचविशीतल्या मुलीनं दोन वर्षं हे केलं तर तिला जे कळतं ते कुठल्याच वर्गात कळत नाही. पण दोन वर्षं. त्यावर संसार उभा करायचा नाही.

खासगी प्री-स्कूलबद्दल फार लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं फार नाही. बेळगावात प्रत्येक गल्लीत एक आहे. नाव इंग्लिश, भिंतीवर कार्टून. शिकवणाऱ्या ताईंना माझ्या माहितीत दहा हजारांच्या आसपास आणि पुष्कळदा त्याहून कमी. तिथे एक वर्षाचा माँटेसरी डिप्लोमा केलेली आणि एम.एस्सी. झालेली एकाच पगारावर उभ्या असतात. घरातले ‘पोरं सांभाळायला डिग्री कशाला’ म्हणतात ना, या एका नोकरीपुरतं त्यांचं बरोबर आहे. स्वतःचं काढलं तर वेगळं, पण तो जागा, व्हॅन आणि ॲडमिशनचा धंदा आहे. त्याला धंद्याचं डोकं लागतं, या पदवीतून ते मिळत नाही. हां, २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा एकत्र धरला, त्यामुळे अभ्यासक्रम लिहिणाऱ्या, शिक्षकांना तयार करणाऱ्या मोठ्या शाळासंस्थांना या विषयाची माणसं हवी असतात. ही कामं पुण्या-बंगळुरात, पगार बरे, पण इंग्लिश लिहिता आलं पाहिजे.

आता जिथे काम आणि पैसा दोन्ही आहे तिकडे येते. पालक बिल भरायला तयार असतात ते एकाच कारणासाठी : मुलाचं काहीतरी अडलंय.

बेळगावच्या टिळकवाडीतलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. आजी मराठीत बोलते. घरकामाला येणाऱ्या बाई कन्नडमध्ये. शेजारची पोरं हिंदी-उर्दूची मिसळ करतात. शाळेनं सांगितलंय, घरी इंग्लिशच बोला. त्यामुळे आई मुलाशी जेमतेम इंग्लिश बोलते, म्हणजे हुकूम तेवढे देते, गप्पा मारत नाही. मूल अडीच वर्षांचं होतं, आईच्या मोजणीत शब्द दहा-पंधराच. ती घाबरून येते : ऑटिझम तर नाही? तपासणारी व्यक्ती एकाच भाषेतले शब्द मोजत बसली तर असं मूल मागे पडलेलंच दिसणार. आजीकडचे, कामवाल्या बाईंकडचे, शेजारचे असे सगळे शब्द मिळून मोजले की कित्येकदा ते वयाला शोभेसं निघतं, आणि घरात बोलणं वाढवायला सांगून दर दोन महिन्यांनी बघितलं तरी पुरतं. याच्या उलटही घडतं. ‘घरात तीन भाषा आहेत, आमचा दीरही उशिराच बोलला’ म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेलं मूल येतं. ते हवी ती वस्तू बोटानं दाखवत नाही, हाक मारली तर वळत नाही, बाहुलीला खोटं खोटं भरवत नाही. ही लक्षणं तीन भाषांमुळे येत नाहीत. अशा मुलाला त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवावं लागतं, कारण निदान करणं त्यांचं काम. पण ते मूल ओळखणं, आईला न घाबरवता समजावणं, पुढची दोन वर्षं घरात काय करायचं ते आजीलाही पटेल अशा मराठीत सांगणं, हे आमचं काम.

आणि इथे तुमच्या भाचीचा हात धरणारं कोणी नाही. बंगळुरात शिकलेली तज्ज्ञ कन्नड-इंग्लिशमध्ये तपासते, पुण्याची मराठीत. आपल्या पट्ट्यात, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर, जी व्यक्ती मराठी, कन्नड आणि कामापुरती हिंदी तिन्हींत मुलाशी खेळू शकते तिला काम शोधावं लागत नाही. एरवी सीमेवर जन्मल्याचे तोटेच ऐकायला मिळतात. या कामात सीमेवरचा जन्मच चक्क भांडवल आहे.

पण त्यासाठी नुसती पदवी चालत नाही. दुसरा कागद लागतो. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, हिचा कायदा १९९२ चा. विशेष मुलांना शिकवणं किंवा त्यांच्यावर पुनर्वसनाचे उपचार करणं या कामाला परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. नोंदणीशिवाय काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये वाचून हसू येईल, आणि नोंदणी नसलेली सेंटरं सर्रास चालतात हेही खरं, पण सरकारी नोकरी, शाळेतली जागा, हॉस्पिटल यांत नोंदणी क्रमांक पहिल्यांदा विचारतात. मानव विकासाच्या एम.एस्सी.वर हा क्रमांक मिळत नाही. त्यासाठी परिषदेनं मान्यता दिलेला अभ्यासक्रम करावा लागतो. सगळ्यांत सोयीचा म्हणजे बी.एड. विशेष शिक्षण. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्थेसारख्या चांगल्या जागा आपल्याच राज्यात आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर वाट वेगळी आणि लांब, तिला मानसशास्त्राचा पाया लागतो. मानव विकास करून ‘मी सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावणाऱ्या पुष्कळ आहेत, भाचीनं त्या रांगेत जाऊ नये. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यानं समुपदेशकांसारखी कामंही नोंदणीच्या कक्षेत आणली आहेत, तेव्हा पाट्यांचे दिवस तसेही थोडेच.

दुसरा कागद हातात असला की बिल भरणारे वाढतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार २१ केले, त्यात ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता आल्या. शाळांना विशेष शिक्षक लागू लागले, सीबीएसईच्या शाळांना तर नक्कीच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यात जिल्हा पातळीवर मुलांची अडचण लवकर ओळखून उपचार करणारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं असतात, त्यांत अशा माणसांच्या जागा असतात, कंत्राटी का होईना. आणि स्वतंत्रपणे घेतलेली सत्रं. आपल्याकडे एका सत्राचे दर माझ्या पाहण्यात साधारण तीनशेपासून सातशे-आठशेपर्यंत आहेत. चारशे धरा, दिवसाला पाच सत्रं, महिन्याला २२ दिवस, तर ४४,००० होतात. आता यातून खोलीचं भाडं काढा, मदतनीस काढा, गणपतीत आणि मे महिन्यात येणारी गळती काढा, ‘पुढच्या वेळी देतो’ म्हणणारे काढा. पंचवीस-अठ्ठावीस हजार हातात राहिले तर ते सेंटर बरं चाललंय म्हणायचं, आणि तिथवर पोहोचायलाही दोन-तीन वर्षं जातात. पाचऐवजी दहा सत्रं घेऊन दुप्पट कमवता येईल असं कुणी सांगेल. दोन-तीन वर्षांच्या मुलाबरोबर पाऊण तास जमिनीवर बसून बघा, मग दहाचं बोला.

कॉलेजात शिकवायचं म्हणाल, तर एम.एस्सी. नंतर यूजीसी-नेट या प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेत ‘गृहविज्ञान’ हा विषय घ्यायचा. त्यातच जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० फेलोशिप आहे, म्हणजे पीएच.डी. करताना घरी पैसे मागायला नको. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५७,७०० पासून. या विषयातली ही सर्वांत भरघोस नोकरी, यात वाद नाही. पण अशा जागा इतक्या तुरळक निघतात की त्या धरून सहा वर्षांचं गणित मांडू नका. मिळाली तर मिळाली. त्याच्या खालोखाल कृषी विज्ञान केंद्र. बेळगाव जिल्ह्यात मत्तिकोप आणि तुक्कानट्टी अशी दोन आहेत. अशा केंद्रांत गृहविज्ञानाचा विषयतज्ज्ञ असतो, पण एका केंद्रात एकच माणूस, आणि तो वीस-वीस वर्षं उठत नाही.

वृद्धांचं काम अजून आपल्याकडे धंदा म्हणून उभं राहिलेलं नाही, पण राहणार असं मला दिसतं. बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या कितीतरी घरांत आता फक्त म्हातारा-म्हातारी आहेत, मुलं पुण्यात, बंगळुरात, आखातात. बिल भरणारा मुलगा आहे, पैसे पाठवायला तयारही आहे, पण नीट काम करणारी माणसं नाहीत. या विषयात म्हातारपणाचा अभ्यासही असतो, मुली तो परीक्षेपुरता करून सोडून देतात. भाचीनं सोडू नये.

आता त्या अमेरिकेच्या फोनचं. नातेवाईक खोटं बोलत नाहीत, पण त्यांचं गणित आपल्याला लावू नका. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या एका केंद्रानं २०१५ साली पदव्यांप्रमाणे कमाईची तुलना केली होती. पेट्रोलियम इंजिनिअरिंगवाल्यांची वार्षिक कमाई १,३६,००० डॉलर, तर बालशिक्षणवाल्यांची ३९,०००. तळाला बालशिक्षणच होतं. म्हणजे बिल कोण भरतं हा प्रश्न तिकडेही सुटलेला नाही. पण तिकडे बुडवतं ते पगारापेक्षा फीचं कर्ज. तिकडेही नुसत्या पदवीवर थांबलेले अडकतात. ज्यांनी पुढे विवाह आणि कुटुंब समुपदेशनाचं लायसन्स काढलं किंवा हॉस्पिटलमधल्या मुलांसोबत काम करायचं प्रमाणपत्र घेतलं ते बरे आहेत. धारवाडची सरकारी जागा घेणाऱ्या मुलीची फी त्या कर्जाच्या जवळपासही जात नाही. खर्च होतो तो हॉस्टेल, मेस, प्रॅक्टिकलचं सामान आणि शेवटच्या वर्षी खेड्यात राहून करायच्या कामावर.

याच कोर्सची खासगी संस्थेतली महागडी आवृत्ती, कुठल्या तरी मोठ्या शहरात, वर्षाला दीड-दोन लाख भरून, कोणी सुचवली तर मात्र नको म्हणा. या विषयाच्या सुरुवातीच्या पगारातून ते पैसे फिटत नाहीत. महाराष्ट्रातच शिकायचं असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठातही हा विषय आहे, मुंबईत एसएनडीटी आहे. पण खानापूरच्या मुलीनं धारवाड सोडून तिकडे जावं असं मला पैशाच्या दृष्टीनं वाटत नाही, आणि कन्नड शिकायची संधी जाते ती वेगळी.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण घरात चर्चा झालेली असणारच. लग्न. ‘पुढे स्वतःच्या मुलांना वाढवायला उपयोगी पडेल’ हे वाक्य मी पैशाच्या हिशोबात धरत नाही, तुम्हीही धरू नका. आया पदवीशिवाय मुलं नीट वाढवत आल्या आहेत. हिशोबात धरायची गोष्ट दुसरी आहे. सरकारी नोकरी मिळाली तर ती जिल्ह्याला बांधलेली. नवरा सांगलीला असेल तर बदलीच्या खेपा. पुनर्वास परिषदेची नोंदणी मात्र देशभर चालते. पुण्यात गेली तर पुण्यात, कारवारला गेली तर कारवारात. मूल लहान असताना दोन वर्षं थांबली तरी परत सुरू करता येतं, अर्धा दिवस काम करता येतं. मुलींच्या कमाईत सगळ्यात मोठं भगदाड पडतं ते या थांबण्यामुळे. दोन नोकऱ्यांची तुलना करताना पहिल्या महिन्याच्या पगाराकडेच बघितलं की हे दिसत नाही.

माझा हिशोब असा. भाची फक्त चार वर्षं करून थांबणार असेल तर ही जागा पैशासाठी घेऊ नका. तेवढ्या वेळात नर्सिंग करेल तर लवकर आणि जास्त कमावेल. धारवाडची चार वर्षं, मग थेट विशेष शिक्षणाचं बी.एड., आणि कन्नड पक्की, हा माझ्या मते सगळ्यांत फायद्याचा रस्ता. एकूण सहा वर्षंच होतात, एम.एस्सी. इतकीच, पण हातात नोंदणी येते. एम.एस्सी. नंतर करता येते. तिला संशोधनाची, शिकवण्याची ओढ असेल तरच आधी एम.एस्सी. आणि नेट. तिला विचारा तरी की ओढ कशाची आहे, लहान मुलांची की पुस्तकांची. दोन्ही चालतील, रस्ते वेगळे आहेत.

कर्ज काढायचं झालं तर बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या नेहमीच्या योजनेत ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त संस्थांतल्या तांत्रिक-व्यावसायिक कोर्ससाठी शिकण्याच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. हा कोर्स त्यात धरतात का ते बँकेत लेखी विचारून घ्या. चार वर्षांचं मिळून दोन-अडीच लाखांच्या वर कर्ज जाऊ देऊ नका, वीस हजारांच्या पगारातून तेवढंच फेडता येतं. आणि ऑप्शन एंट्री, म्हणजे सीईटीनंतरची कॉलेजांची पसंती, भरण्याआधी शेतकरी कुटुंबाच्या कोट्याचं बघा. कृषी विद्यापीठाच्या जागांत त्यासाठी वेगळा वाटा राखलेला असतो. त्याचा दाखला तहसीलमधून निघतो, आणि तुमच्या मेहुण्यांच्या वाट्याची जमीन अजून आजोबांच्याच नावावर असेल तर आधी उताऱ्यावर वारस लावून घ्यावे लागतील. त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम या आठवड्यातच हाती घ्या.